प्रार्थना संपेपर्यंत

देवळाच्या पायरीवर अडवणे हा एक प्रकार. आत घेणे, वर्गणी घेणे, हातांनी काम करून घेणे आणि मग बसायची जागा वेगळी दाखवणे हा दुसरा प्रकार. पहिल्याची चीड लवकर येते. दुसऱ्याचा अपमान मात्र हळूहळू जिरतो आणि जास्त काळ टिकतो, असे आम्हाला वाटते. आज वाचकांना घेऊन आम्ही थेट अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी जाणार आहोत. तिथल्या एका वस्तीतल्या चर्चची ही हकिकत आहे. नाव ‘आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस’.

एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणारा पंथ. इंग्लंडच्या सरकारी चर्चची ही अमेरिकेतली शाखा. प्रत्येक वस्तीची मंडळी म्हणजे पॅरिश, तिचा मुख्य धर्मगुरू रेक्टर आणि कारभार पाहणारी निवडलेली समिती म्हणजे व्हेस्ट्री. आपल्या विहाराची कमिटी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे काम समजेल.

या पॅरिशचा मूळ पुरुष ॲबसलम जोन्स. जन्म १७४६, डेलावेअरमध्ये, गुलामगिरीत. घरी येणारे पाहुणे पोराच्या हातावर एखादी पेनी ठेवत. त्या पेन्या साठवून त्याने अक्षरओळखीचे पुस्तक विकत घेतले आणि ज्याला त्याला विचारत वाचायला शिकला. सोळा वर्षांचा असताना मालकाने त्याची आई आणि भावंडे विकली आणि याला तेवढे फिलाडेल्फियाला नेले. तिथे दिवसा मालकाच्या दुकानात काम आणि रात्री क्वेकर पंथीयांनी काळ्यांसाठी चालवलेली शाळा.

१७७० साली त्याचे लग्न झाले. बायकोही गुलाम होती. आता आमच्या भगिनींनी नीट ऐकावे. जोन्सने पैसा उभा केला, कर्जही काढले, पण आधी स्वतःला सोडवले नाही. आधी बायकोला सोडवले. कारण कायदा असा होता की मूल आईच्या दर्जाने जन्मते. आई गुलाम तर मूल गुलाम, आई मोकळी तर मूल मोकळे. वर्षानुवर्षे दोघांनी ते कर्ज फेडले. मग त्याने स्वतःची सुटका मागितली. मालकाने नकार दिला. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. १७८४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो मोकळा झाला. आणि पुढेही त्याच दुकानात राहिला, पण मजुरी घेऊन.

१७८७ च्या एप्रिलमध्ये जोन्स, त्याचा मित्र रिचर्ड ॲलन आणि इतरांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली. महिन्याला एक शिलिंग वर्गणी. वर्षभर वर्गणी भरल्यावर सभासद अडचणीत आला तर आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मदत. मात्र अडचण त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसावी. दारुड्याला सभासदत्व नाही. विधवेला आधार आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची सोय, नाहीतर धंदा शिकण्याची. भिशी आणि मंडळाचे हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांना यातले काही नवे वाटणार नाही. नवे एवढेच की हे सगळे दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, नुकत्याच सुटलेल्या माणसांनी कागदावर मांडले होते.

ही माणसे तोवर सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. ॲलनच्या प्रवचनांमुळे काळ्यांची संख्या वाढली. चर्चने वर गॅलरी बांधायला काढली, तेव्हा त्यांनीही पैसे दिले आणि अंगमेहनत केली. गॅलरी तयार झाली आणि एका रविवारी त्यांना सांगण्यात आले, तुम्ही वर बसा. वर गेले. ओळखीच्या जागेच्या बरोबर वरची बाके त्यांनी धरली आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकले. तेवढ्यात विश्वस्तांपैकी एकाने जोन्सला धरून उठवायला सुरुवात केली, इथे गुडघे टेकायचे नाहीत म्हणून. गॅलरीतसुद्धा त्यांची जागा आणखी मागे होती! जोन्सने प्रार्थना संपेपर्यंत थांबायला सांगितले. विश्वस्त थांबेना, त्याने दुसऱ्याला मदतीला बोलावले. प्रार्थना संपली. सगळे काळे लोक एकदम उठले आणि बाहेर पडले. परंपरेने हे साल १७८७ सांगतात, पण गॅलरीचे काम पाहता बरेच इतिहासकार १७९२ च्या आसपासचे मानतात.

स्वतःचे चर्च बांधायला काढले आणि १७९३ च्या उन्हाळ्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पन्नास हजारांच्या शहरात पाच हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्यांना जमले ते शहर सोडून पळाले. डॉ. बेंजामिन रश यांनी काळ्या लोकांना मदतीची हाक दिली. त्यांना हा ताप होत नाही, अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची होती. शेकडो काळी माणसेही त्यात मेली. पण जोन्स, ॲलन आणि त्यांचे सोबती घरोघरी गेले. आजाऱ्यांची सेवा केली, सख्खे नातेवाईक हात लावत नव्हते ती प्रेते उचलून पुरली.

साथ ओसरली आणि मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका छापली की काळ्या सेवकांनी रोग्यांकडून वाटेल तसा पैसा उकळला आणि चोऱ्या केल्या. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली उत्तरादाखल आपली पुस्तिका काढली. तिच्यात त्यांनी नुसता संताप लिहिला नाही, जमाखर्च लिहिला. जमा सुमारे २३३ पौंड. शवपेट्यांना ३३ पौंड. पाच माणसे लावली, तिघे सत्तर दिवस आणि दोघे त्रेसष्ट दिवस, त्यांची मजुरी ३७८ पौंड. खिशातून गेले १७७ पौंडांच्या वर. आम्ही हा हिशेब वाचला तेव्हा आमचे एक वयोवृद्ध खजिनदार आठवले, जे चहाच्या पावतीलाही नंबर देत.

१७ जुलै १७९४ रोजी चर्च उघडले. पण कोणत्या पंथाचे? जोन्स आणि ॲलन दोघांचाही ओढा मेथडिस्ट पंथाकडे होता. सभासदांचे बहुमत मात्र एपिस्कोपलकडे गेले. ॲलनने नम्रपणे नकार दिला आणि आपले वेगळे बेथेल चर्च उभारले. जोन्सने लोकांचा निर्णय मानला. दोघांची मैत्री तुटली नाही, हे आमच्या काही पुढाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवावे.

लोकांनी बिशप विल्यम व्हाइट यांच्यापुढे तीन अटी ठेवल्या. आम्हाला संघटित मंडळी म्हणून घ्या, आमचा कारभार आमच्याच हाती राहील आणि जोन्सला वाचक म्हणून परवाना द्या व पात्र ठरल्यास दीक्षा द्या. अटी मान्य झाल्या. १७९५ मध्ये जोन्स डीकन झाला आणि पुढे काही वर्षांनी पूर्ण धर्मगुरू, एपिस्कोपल पंथातला पहिला काळा धर्मगुरू. त्याला ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेतून सूट मिळाली, पण सूट फुकट नव्हती. या मंडळीने वार्षिक धर्मसभेत प्रतिनिधी पाठवायचा नाही, असे ठरले. घरात घेतले, पण पंक्तीला बसवले नाही. हा नियम सुटायला सुमारे सत्तर वर्षे गेली, म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध पेटेपर्यंत ही मंडळी पंथात असून मतावाचून होती. सन्मानाने बाहेर राहायचे की अपमान गिळून आत राहून लढायचे, यावर ॲलन आणि जोन्स यांची उत्तरे वेगळी होती. कोण बरोबर, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

आत राहूनही जोन्स गप्प बसला नाही. १७९९ च्या अखेरीस सत्तरच्या वर स्वतंत्र काळ्यांच्या सह्या घेऊन त्याने अमेरिकेच्या संसदेला अर्ज दिला. गुलामांचा व्यापार आणि पळून आलेल्यांना पकडण्याचा कायदा यांविरुद्ध त्याने दाद मागितली होती. सभागृहाने ८५ विरुद्ध १ मतांनी तो झिडकारला. चर्चने शाळा चालवली. बायकांची ‘फीमेल बेनेव्होलंट सोसायटी’ होती. शिडे शिवणारा धनाढ्य कारखानदार जेम्स फोर्टन याच व्हेस्ट्रीवर बसे.

आता या गोष्टीतला जो भाग आम्हाला सर्वांत जास्त बोचला, तो सांगतो. १८९९ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांचा ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेच ते डुबॉईस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. डुबॉईस यांनी सेंट थॉमसची सभासदसंख्या नोंदवली आहे, १७९४ मध्ये २४६, दुसऱ्या वर्षी ४२७. नंतर ती मंडळी लहानच राहिली. इथे शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घराणी दिसतात, असे ते सांगतात, पण परक्याशी आणि नव्याने आलेल्याशी वागणे थंड. म्हणजे गुडघ्यावरून उठवल्या गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या दारात, खेड्यातून आलेला काळा मजूर पुन्हा अवघडून उभा! त्याला कुणी उठवत नव्हते. त्याला कुणी बसा म्हणत नव्हते, एवढेच.

आम्ही हे वाचून पुस्तक मिटले आणि गेल्या पौर्णिमेची आठवण झाली. विहारात नव्या भाडेकरूचे कुटुंब आले होते. बाई मुलाला कडेवर घेऊन चपलांपाशी उभी होती. आम्ही पहिल्या रांगेत होतो. आम्ही मागे वळून पाहिले, हसलोही. उठलो नाही.

सेंट थॉमसची मंडळी शहरात तीन-चार ठिकाणी हलली. आज ती पश्चिम फिलाडेल्फियातल्या ओव्हरब्रुक भागात, लँकेस्टर अव्हेन्यूवर आहे. जुन्या नोंदी जपण्यासाठी तिचे स्वतःचे दफ्तर आहे. १३ फेब्रुवारी १८१८ रोजी जोन्सने देह ठेवला, तो दिवस आता सगळा एपिस्कोपल पंथ पाळतो. ज्या पंथाच्या धर्मसभेत त्याच्या मंडळीला मत नव्हते, त्याच पंथाच्या पंचांगात आज त्याचे नाव आहे. त्याचे अवशेष एका दफनभूमीतून दुसरीत हलवले गेले. १९९१ मध्ये ते काढून त्यांचे दहन केले आणि अस्थी या चर्चमधल्या, त्याच्याच नावाच्या वेदीत ठेवल्या.