बॉलिवुडची लाडकी आई? माफ करा!

रीमा लागूंचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "हो हो, ती सलमानची आई ना?" माझं टाळकं सटकतं. १८ मे २०१७ ला त्या गेल्या, तेव्हाही टीव्हीवर आणि पेपरात हेच. बॉलिवुडची लाडकी आई, पडद्यावरची प्रेमळ आई, वगैरे वगैरे. गाजरहलवा तेवढा वाटायचा राहिला होता. हिंदीवाल्यांनी असं म्हणावं हे मी एक वेळ समजू शकतो. आपण मराठी लोकांनी पण?

जरा गणित करू. शनिवार आहे, वेळ आहे. रीमा लागूंचा जन्म जून १९५८ चा. 'कयामत से कयामत तक' (१९८८) मधे त्या जुही चावलाची आई झाल्या तेव्हा वय होतं एकोणतीस. पुढच्याच वर्षी 'मैने प्यार किया'त सलमानची आई. सलमान १९६५ चा, म्हणजे आई पोरापेक्षा साडेसात वर्षांनी मोठी! 'गुमराह' (१९९३) मधे त्या श्रीदेवीची आई होत्या, फरक पाच वर्षं. आणि 'वास्तव' (१९९९) मधे संजय दत्तची आई. तो जुलै १९५९ चा. तेरा महिने हो, तेरा महिने!! आपल्या शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसात आणि आपल्यात याहून जास्त फरक असतो.

आणि हे आपल्याला थिएटरमधे बसून खटकलंही नाही. आई म्हणून आणून उभी केली, आपण आई म्हणून घेतली. ते लेकरू पुढे पन्नाशी उलटली तरी हिरोच राहिलं, गाणी म्हणत बागडत राहिलं. त्यातही काही खटकलं नाही.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो. "कोणी जबरदस्ती केली होती का? काम मिळालं, नाव मिळालं, पैसा मिळाला." बरोबर आहे. काम करणारा माणूस समोर येईल ते काम करतो, आणि त्यांनी ते चोख केलं. तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडणाऱ्या हिंदी आईला त्यांनी माणसासारखं बोलायला शिकवलं, मुलाशी मैत्रिणीसारखं वागायला शिकवलं. पण आपल्या ऑफिसात काय होतं आठवा. एखादी झकास डेव्हलपर एकदा प्रॉडक्शन सपोर्टवर जाते, तिथे कधी चुकत नाही, म्हणून मग पाच वर्षं तिला तिथून कोणी हलवतच नाही. अप्रेझलमधे 'रिलायेबल' लिहायचं की झालं. त्यात तिचा दोष नसतो, पण तिला आयुष्यभर 'ती सपोर्टवाली' म्हणणाऱ्यांचा असतो. फिल्मफेअरने काय केलं? 'मैने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके है कौन' आणि 'वास्तव' अशी चार नामांकनं दिली. बाहुली एकदाही नाही.

बरं, त्या दुसरं काय करू शकत होत्या हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. त्या मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे नाटकातल्या, आणि लहानपणी 'बेबी नयन' म्हणून स्वतःही कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या. पुढे बँकेत नोकरी, जवळजवळ दहा वर्षं. (तेव्हा बँकांच्या आपापसात नाट्यस्पर्धा व्हायच्या आणि लोक त्या जिवावर उदार होऊन लढवायचे. आमच्या आयटी पार्कात ॲन्युअल डेला हिंदी गाण्यावर नाच होतो आणि मग जेवण. असो.)

मग जयवंत दळवींचं 'पुरुष'. दिग्दर्शन विजया मेहता, समोर गुलाबराव म्हणून नाना पाटेकर. रीमाची अंबिका ही शाळेत शिकवणारी मुलगी. एक पुढारी तिच्यावर बलात्कार करतो, आजूबाजूचे सगळे हळूहळू हात झटकतात, आणि शेवटी ती स्वतःच त्या माणसाला असा धडा शिकवते की त्याचं पुरुषपण संपतं. ऐंशीच्या दशकात, मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर, प्रयोगामागून प्रयोग! नानासारखा माणूस समोर असताना रंगमंचावर नुसतं टिकून राहायचं म्हटलं तरी काय दम लागत असेल. आणि शेखर ताम्हाणेंचं 'सविता दामोदर परांजपे'. त्यात कुसुम नावाची बायको आणि तिला झपाटणारी सविता, दोन्ही एकाच शरीरात. कपडे बदलायचे नाहीत, मेकअप बदलायचा नाही, फक्त आवाज, नजर आणि चाल. हे करणाऱ्या बाईला आपण हातात आरतीचं ताट देऊन दारात उभी केली.

सगळ्यात गंमत म्हणजे छोट्या पडद्याला हे कळलं होतं. 'हम आपके है कौन'मधे त्या माधुरीची आई होत्या, त्याच सुमारास दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' चालू होतं. त्यातली कोकिला कुलकर्णी आठवते? शेजारचा दिलरुबा जिच्यासाठी येडा झालेला असतो ती कोकी! म्हणजे त्याच काळात तीच बाई एका पडद्यावर उपवर मुलींची आई आणि दुसऱ्या पडद्यावर शेजाऱ्याची झोप उडवणारी. मग वय आड आलं म्हणायचं तरी कसं? लिहिणाऱ्यांच्या डोक्यात 'आई' हार्डकोड झालेली होती, बाकी काही नाही. 'तू तू मैं मैं'मधली सासू तर मी आजही कितीही वेळा बघेन. सुप्रिया पिळगांवकरबरोबरचं त्यांचं टायमिंग बघून एखाद्या स्टँडअपवाल्याने वहीत नोंदी कराव्यात.

आईच म्हणायचं तर मग निदान 'वास्तव'मधली म्हणा. पोटच्या पोरावर गोळी झाडणारी. तिथे महेश मांजरेकरांनी त्यांना आईच दिली, पण नाटकातल्यासारखी भूमिका दिली. आणि शेवटची भूमिका? 'नामकरण' मालिकेतली दयावंती, चक्क खलनायिका. तिचं शूटिंग चालू असतानाच त्या गेल्या. म्हणजे 'प्रेमळ आई गेली' असं ज्या दिवशी छापून आलं, त्या दिवशी त्या रोज टीव्हीवर लोकांना छळत होत्या!

२०१८ मधे 'सविता दामोदर परांजपे'चा सिनेमा आला, तोवर त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. तो कुठेही सापडेल. नाटकाचं तसं नाही. 'पुरुष' आणि 'सविता' ज्यांनी समोर बसून पाहिलं ते लोक आता साठी-सत्तरीचे आहेत. तुमच्या घरात एखादे असतील. रविवारी घरी फोन कराल तेव्हा विचारा, शेवटच्या प्रवेशात अंबिका कशी उभी होती. आणि ते "म्हणजे ती सलमानची..." म्हणायला लागले, तर तिथेच थांबवा.