नकाशा जगाचा, पत्ता आपल्या गल्लीचा

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा. जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या कोणत्या देशात? इंडोनेशिया. सर्वाधिक ख्रिस्ती? अमेरिका. हिंदू? भारत. भारतात सर्वाधिक बौद्ध कोणत्या राज्यात? महाराष्ट्र. चार प्रश्न, चार गुण, पुढचं पान. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून तुम्ही ही यादी इतक्या वेळा घोकलेली असते, की झोपेतून उठवलं तरी सांगाल.

पण त्याच अभ्यासिकेतून संध्याकाळी तुम्ही रूम शोधायला निघता, तेव्हा पाचवा प्रश्न येतो. तो कोणत्याही गाइडमध्ये नसतो. ‘आडनाव काय म्हणालात?’

आज बोलायचंय ते या पाचव्या प्रश्नाबद्दल. मात्र तिथपर्यंत जगाच्या नकाशावरून जाऊ, कारण त्या नकाशाने आपल्याला एक चुकीची सवय लावली आहे.

आधी आकडे. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे २३० कोटी ख्रिस्ती, २०० कोटी मुस्लिम, १२० कोटी हिंदू आणि ३२ कोटी बौद्ध होते. कोणताच धर्म न सांगणारे लोक सुमारे १९० कोटी, म्हणजे हिंदूंपेक्षाही जास्त. हे आकडे आपण नकाशावर रंगवतो. एका देशाला हिरवा, एकाला निळा, भारताला भगवा. एक देश, एक रंग. सोपं, सुटसुटीत आणि बरंचसं फसवं.

कसं ते पाहा. मुस्लिम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अरबस्तान येतं. प्रत्यक्षात जगातल्या दर पाच मुस्लिमांपैकी जेमतेम एक जण पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत राहतो. सर्वाधिक मुस्लिम असलेले पहिले तीन देश आहेत इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारत. भगव्या रंगवलेल्या भारतात २०११च्या जनगणनेनुसार १७ कोटींहून अधिक मुस्लिम राहतात. ख्रिस्ती म्हटलं की युरोप आठवतो, पण आज सर्वाधिक ख्रिस्ती लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. आणि बुद्धांची भूमी म्हणून आपण ज्या देशाचा अभिमान सांगतो, त्या भारतात बौद्धांची संख्या एक टक्काही नाही. २०११ची नोंद ०.७ टक्के म्हणते.

दगड आणि माणसं यांचाही मेळ बसत नाही. बोरोबुदूर हे जगातलं सर्वांत मोठं बौद्ध मंदिर आहे सर्वाधिक मुस्लिमांच्या इंडोनेशियात. अंगकोर वाट मुळात विष्णूचं मंदिर, पण ते आहे बौद्धबहुल कंबोडियात आणि त्या देशाच्या झेंड्यावरही आहे. म्हणजे जमीन तीच राहते, तिच्यावरच्या माणसांची श्रद्धा शतकागणिक बदलत जाते. नकाशा फक्त शेवटचा रंग दाखवतो. खालचे थर दाखवत नाही.

ते थर पाहायचे असतील तर विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी पकडली तरी पुरतं.

वेरूळला ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू, शेवटची ५ जैन. एकाच डोंगरात, एकाच ओळीत. आपण शाळेच्या सहलीत कैलास लेण्यापुढे फोटो काढतो आणि जेवणाचा डबा उघडतो. पण ही ओळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत गेलात, तर धर्मांचं ‘वितरण’ म्हणजे काय ते पायांना कळतं. अजिंठ्याला वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचं लेणं भिक्खूंसाठी कोरवून घेतलं. शेजारच्या खुलताबादेत चौदाव्या शतकात सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब येऊन राहिले. वेरूळ ते खुलताबाद अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. वेरूळच्या लेण्यांजवळच घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग.

आणि हे शहर? १६१० मध्ये ‘खडकी’ म्हणून ते वसवलं मलिक अंबरने. तो जन्मला आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात. गुलाम म्हणून विकला गेला, मुसलमान झाला आणि निजामशाहीचा वजीर होऊन दख्खनमध्ये मुघलांना जेरीस आणलं. पाणचक्कीजवळच्या दर्ग्यातले बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून आले. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, ज्यात दोघेही एकमेकांना चांगलं सुनावतात आणि शेवटी गळाभेट घेतात. आपल्याकडे आधी भांडण आणि मग भेट, अशी रीत जुनीच आहे.

धर्म जगभर पसरले ते असेच. काही व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, काही राजाच्या आश्रयाने, काही फकिराच्या झोळीतून, काही तलवारीच्या धाकाने, काही मजुरांच्या जहाजातून. मॉरिशसमध्ये आजही मराठी घराणी आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, कारण एकोणिसाव्या शतकात इथून मजूर तिथे गेले. कोकणातले बेने इस्रायली ज्यू इस्रायलमध्ये गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

पण एक रस्ता वेगळा आहे आणि तो आपल्या शहरातून जातो. जाणीवपूर्वक, विचार करून धर्म निवडण्याचा रस्ता.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केलं. मराठवाड्यातल्या ज्या मुलांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढता आली नव्हती, ती मुलं इथे शिकायला आली. या परिसराचं नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचं नाव मिलिंद. राजा मिलिंद ग्रीक वंशाचा, नागसेन भिक्खू. राजाने प्रश्न विचारायचे आणि भिक्खूने उत्तरं द्यायची. उत्तर पटलं नाही तर राजाने पुन्हा विचारायचं. कॉलेजला नाव द्यायचं तर यापेक्षा चांगलं कुठून आणणार! त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली.

आता जनगणनेचे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. दहा वर्षांत. कुणी बाहेरून आलं नाही. त्याच गावातली, त्याच घरातली माणसं. त्यांनी स्वतःबद्दलचं उत्तर बदललं. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. परीक्षेतल्या त्या एका गुणाच्या प्रश्नामागे ही गोष्ट आहे.

आणि हेही पूर्ण नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला. बौद्धांना मिळाला १९९० मध्ये. म्हणजे बौद्ध झालेल्या माणसाने खरं लिहिलं, तर केंद्राच्या नोकरीतलं आरक्षण जायचं. मधली ३४ वर्षं अनेक घरांत भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि शाळेच्या टीसीवर ‘हिंदू’ अशी दोन उत्तरं नांदत राहिली. तुमच्यापैकी काहींनी आजोबांची टीसी पाहिली असेल. तिथला शब्द खोटा म्हणायचा की लाचार म्हणायचा? कोणत्याही देशाचा धर्मनिहाय तक्ता वाचताना हे लक्षात ठेवा. तो लोकांनी दिलेल्या उत्तरांचा तक्ता असतो. आणि कोणतं उत्तर दिलं तर काय मिळेल, काय जाईल, हे माणूस आधी मोजतो.

आता शहराकडे. २०११च्या जनगणनेत, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात, निम्म्याहून थोडे अधिक हिंदू, सुमारे ३१ टक्के मुस्लिम, १५ टक्के बौद्ध, दीड टक्क्याच्या आसपास जैन आणि मग ख्रिस्ती, शीख. असं मिश्रण जगातल्या कितीतरी देशांत नाही. कागदावर आपण जगाची छोटी आवृत्ती आहोत.

कागदावर. कारण शहराचा नकाशा घ्या आणि वॉर्डावॉर्डाने रंगवा. रंग मिसळलेले दिसणार नाहीत. ठिपके-ठिपके दिसतील. हा भाग ‘त्यांचा’, ती कॉलनी ‘आपली’. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो मनातल्या मनात तुमची जात-धर्म लिहून मोकळा. जालना, बीड, हिंगोली, परभणीहून शिकायला आलेला मुलगा किंवा मुलगी रूम शोधते तेव्हा हा नकाशा तिच्या पायाखाली येतो. ‘बॅचलरला देत नाही’ हे पहिलं वाक्य. ते सगळ्यांनाच ऐकावं लागतं. मग ‘गाव कोणतं?’ मग ‘व्हेज की नॉनव्हेज?’ आणि मग आडनाव. आडनावानंतर रूम अचानक कालच दिलेली असते. पाटी मात्र गेटवर तशीच लटकलेली.

हा फक्त आपल्या शहराचा दोष आहे असं नाही. प्यूनेच २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार लोकांना विचारलं. ८४ टक्के लोक म्हणाले, खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. आणि त्याच लोकांपैकी बहुसंख्यांनी सांगितलं की आपले सगळे किंवा बहुतेक जवळचे मित्र आपल्याच धर्माचे आहेत. आदर आहे, पण शेजार नको. नमस्कार आहे, पण डब्यात वाटा नाही.

इथे कुणी म्हणेल, प्रत्येकाला आपल्या माणसांत राहावंसं वाटतं, त्यात गैर काय? प्रश्न रास्त आहे. सण, भाषा, जेवण, अडीअडचणीला धावून येणारी ओळख, या सगळ्यामुळे माणसं एकत्र राहतात आणि दंगलीची आठवण असलेल्या शहरात भीतीनेही एकत्र राहतात. पण स्वतः जाऊन एकत्र राहणं वेगळं आणि गेटवरून परत पाठवलं म्हणून एकत्र राहावं लागणं वेगळं. दुसऱ्याला आपण ‘समाजाची आवड’ म्हणतो तेव्हा समोरच्याला विचारलेलं नसतं. शिवाय जो माणूस आपल्याला फक्त मोबाइलच्या स्क्रीनवर भेटतो, त्याच्याबद्दल काहीही खरं वाटू शकतं. रूममेट असलेल्या माणसाबद्दलची फॉरवर्ड आलेली थाप लगेच पकडता येते. तो सकाळी किती वाजता उठतो आणि चहाचे पैसे कसे बुडवतो, हे तुम्हाला माहीत असतं ना!

हे सगळं आत्ताच का? कारण पुढची जनगणना दारात आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ती डिजिटल असेल आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. मागच्या जनगणनेच्या वेळी तुमच्यापैकी बरेच जण बालवाडीत किंवा प्राथमिक शाळेत होते. तुमचं उत्तर आई-वडिलांनी दिलं. या वेळी तुम्ही स्वतः देऊ शकता. प्रगणकाने तुम्ही जे सांगाल तेच लिहायचं असतं. आडनावावरून अंदाज बांधून नाही. त्यामुळे घरात हा विषय निघाला तर उठून जाऊ नका. आजीला विचारा, तिच्या वेळी काय लिहिलं होतं आणि का. उत्तर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ते कुणाच्या दबावाने किंवा कुणाला हरवण्यासाठी नसावं. २०२७चे आकडे आले की टीव्हीवर ‘कोण वाढलं, कोण घटलं’ याची आरडाओरड होणारच. तेव्हा तक्ता कसा वाचायचा हे माहीत असलेली चार पोरं प्रत्येक कट्ट्यावर असली, तरी खूप झालं.

आणि तोवर? मोठमोठ्या शपथा घेऊ नका. एका रविवारी वेगवेगळ्या आडनावांचे चार जण मिळून वेरूळ-खुलताबादची एसटी पकडा. पहिल्या लेण्यापासून चौतिसाव्यापर्यंत चाला, मग दर्ग्यात जा, मग घृष्णेश्वराला जा. भूक लागली की डबे एकत्र उघडा. आणि तुमच्या फ्लॅटमध्ये एक कॉट रिकामी झाली, ग्रुपवर ‘रूममेट पाहिजे’ असा मेसेज टाकायची वेळ आली, की भाडं सांगा, लाइट बिल सांगा, पाणी किती दिवसांआड येतं तेही सांगा. समोरून ‘मी येऊ का?’ असं उत्तर आलं, तर ‘कधी येतोस?’ एवढंच विचारा.

आडनाव नंतर कळेलच. कुरिअर आलं की.