'पारंपरिक' या पाटीखाली

सोलापुरात भवानी पेठेत एक जुनी खानावळ आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण आमचे भांडण तिच्याशी नाही. तिच्या दारावर अलीकडे जी पाटी लागली आहे तिच्याशी आहे. आणि खरे सांगायचे तर पाटीशीही नाही, ती लावण्यास ज्यांच्या हौसेने भाग पाडले त्या आमच्यासारख्या लिहित्या-वाचत्या खवय्यांशी आहे. पाटी अशी : 'अस्सल पारंपरिक महाराष्ट्रीय भोजन'.

जेवण उत्तम होते, हे आधीच नोंदवून ठेवतो. नाहीतर टीका करणाऱ्याला जीभच नसते असा समज होतो. ज्वारीची पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी, शेंगदाण्याचे कूट घातलेले वांगे, झणझणीत आमटी, हाताने फोडलेला कांदा, आणि ताटाच्या कडेला शेंगाचटणीचा ढीग, त्यावर दही घ्यायचे की तेल हा सोलापुरातला जुना मतभेद. शेवटी शेंगापोळी. आम्ही तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला नाही म्हणालो ते केवळ लाजेने.

आता पाटीकडे वळू. ज्या चटणीवाचून सोलापूरचे ताट पुरे होत नाही, तिच्यात मुख्यतः दोन पदार्थ : शेंगदाणे आणि मिरची. दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. कोलंबसापूर्वी या देशात कोणी मिरची चाखली नव्हती की भुईमुगाची शेंग फोडली नव्हती. 'अस्सल' या शब्दाने जर 'अनादी काळापासून इथलेच' असे सुचवायचे असेल, तर त्या ताटात वांगे आणि मीठ याखेरीज फारसे काही उरत नाही. तेवढ्यावर कोणी पुण्याहून गाडी काढून येणार नाही.

'महाराष्ट्रीय' या शब्दाची गत तर त्याहून बिकट. आम्ही जेवत होतो तेव्हा आतून भाकऱ्यांचा हिशेब तेलुगूत चालला होता, शेजारच्या बाकावरचे दोघे अक्कलकोटकडचे कन्नड बोलत होते, आणि पाणी आणून देणारा पोरगा दखनीत कोणाशी तरी फोनवर हुज्जत घालत होता. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या गेल्या. सोलापुरी चादर म्हणून जी देशभर गेली ती बव्हंशी त्यांच्या मागावरची. जिला आपण कडक भाकरी म्हणतो तिला सीमेपलीकडे कडक रोट्टी म्हणतात, आणि शेंगेला तर दोन्हीकडे शेंगाच म्हणतात. चार भाषांनी मिळून रांधलेल्या ताटावर एका राज्याचा शिक्का मारणे याला आम्ही अभिमान म्हणत नाही. ती फार तर हिशेबातली चूक आहे, आणि ती आपल्या बाजूने झालेली असल्यामुळे आपण दुरुस्त करीत नाही.

पण खरा अपराधी शब्द 'पारंपरिक' हा आहे. खानावळ ही परंपरा नव्हे; परंपरा मोडल्यावर ती उभी राहिली. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, पुढे आणखी निघाल्या, आणि दुष्काळाने उठवलेली माणसे भोंग्याच्या मागे शहरात आली. बायकामुले गावी, पुरुष खोलीत आठदहा जणांनी. त्यांना कोणी तरी महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवू घालावे लागे. परक्या माणसाने, पैसे घेऊन, कोणा परजातीच्या शेजारी बसवून रोज जेवू घालणे याहून परंपरेच्या विरुद्ध दुसरे काय असू शकते? खानावळीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पाककृतीत नव्हते, ते तिच्या उधारीच्या वहीत होते. मुंबईच्या गिरणगावात हेच काम घराघरातल्या बायकांनी केले, सावकारी कर्जात पिचल्या, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्या बायकांनी आपल्या दाराला 'पारंपरिक' अशी पाटी लावल्याचे ऐकिवात नाही. कर्जाचे व्याज आणि पिठाचा भाव, एवढे त्यांचे शब्द होते.

आणि परंपरा कोणत्या सालची घ्यावयाची? १९७२ च्या दुष्काळात याच मुलखाने अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. आजच्या पन्नाशीसाठीपलीकडच्या माणसांच्या जिभेवर ती चव आहे. 'पारंपरिक मिलोची भाकरी' अशी पाटी मात्र आम्ही अजून पाहिलेली नाही. म्हणजे परंपरेतही निवड असते, आणि ती निवड ज्याने उपास काढला तो करीत नाही.

ही केवळ सोलापूरची गोष्ट नव्हे. गंमत अशी की ज्या १८७७ साली येथे गिरणी निघाली त्याच साली कोपनहेगनमध्ये 'श्योनेमान' नावाचे उपाहारगृह सुरू झाले. ते आजही चालू आहे, आणि पारंपरिक डॅनिश जेवणासाठी जगभरचे लोक तेथे आधीपासून जागा राखून जातात. आरंभी तेथे बाजाराला माल घेऊन आलेले शेतकरी बसत. त्यांच्या बुटांचा चिखल टिपावा म्हणून जमिनीवर वाळू पसरीत. राय नावाच्या काळपट धान्याचा जाड पाव, त्यावर लोणी, वर खारवलेला मासा : हे तिकडच्या कष्टकऱ्याचे दुपारचे जेवण, शेतात वा कारखान्यात हातात धरून खावयाचे. आज ते काट्याचमच्याने, नाजूक सजावटीसह खातात. वाळूचेही आता कौतुक होते. चिखल मात्र कोणी आणीत नाही.

आमच्या भाकरीचे याहून वेगळे काय झाले? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारीला 'श्रीअन्न' असे बिरुद लागले. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे अधिक मिळाले असतील तर आनंदच आहे. परंतु रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो, आणि बाजारात चांगली मालदांडी गव्हाहून महाग पडते. परिणाम उघड आहे. आम्ही हात धुता धुता भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना विचारले, "मावशी, तुमचं जेवण झालं का?"

"तुमचं सगळ्यांचं झाल्यावर की ओ."

"मग हीच भाकरी?"

"न्हाई. घरी चपातीच असती. रेशनचा गहू असतो की."

भाकरी थापणारे हात चपाती खातात आणि आम्ही, ज्यांच्या घरी दोन पिढ्या चपाती हे प्रतिष्ठेचे लक्षण होते, ते भाकरी खाण्यासाठी रांगेत उभे राहतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्याने मळून ते तळव्याने थापावेच लागते. शंभर भाकऱ्या थापल्यावर मनगटाचे काय होते हे खाद्यलेखनात येत नाही. तेथे 'हाताची चव' येते.

या पापात आमचाही वाटा आहे. 'मातीचा गंध', 'आजीच्या हातची', 'गावाकडची' हे शब्द आम्हीही सढळ हाताने वापरले आहेत. मराठीत जेवणावर पुष्कळ लिहिले गेले, परंतु ते प्रायः ज्यांचे पोट भरलेले होते त्यांनी लिहिले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आले, तेव्हा मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजे हे प्रथमच कोणी पाककृतींसह, नाक न मुरडता आणि गहिवर न आणता मांडले. त्या पुस्तकाचे नाव एका पवित्र वचनाला दिलेला धक्का आहे. तो धक्का अजून आमच्या खाद्यलेखनापर्यंत पोचलेला नाही. तेथे ब्रह्म अजून पूर्णच आहे.

निघताना मालकांना विचारले, पाटी कधी लावली? "पोरानं लावली की सर. बाहेरचे लोक येतात आता. पाटी नसली की पुढं जातात." मग आम्ही जुन्या वह्यांविषयी विचारले. ते आत गेले आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या हातची. पानापानावर नाव, महिना, खाडे, जमा. काही नावे मराठी अक्षरांत तेलुगू, काही कन्नड. शेवटची काही पाने तांबड्या शाईने आडवी मारलेली नव्हती. त्यांनी बोट ठेवून सांगितले, ही खाती गिरणी बंद पडली त्या महिन्याची.

"वसूल नाही झाली?"

"कोणाकडं मागायची ओ? गावाकडं गेली माणसं."

वही त्यांनी परत आत नेऊन ठेवली, आणि आमचे बिल केले.