आधुनिक युगातून मराठे गेले कुठे?

‘सिव्हिलायझेशन’ या अमेरिकी संगणकीय खेळाची सातवी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजारात आली. एखाद्या संस्कृतीचा कारभार हाती घ्यावयाचा, नगरे वसवावयाची, युद्धे व तह करावयाचे, असे या खेळाचे स्वरूप. पूर्वीच्या आवृत्त्यांत भारताचे नेते गांधीजी. आणि त्यांनीच अणुबाँबच्या धमक्या द्याव्यात, हा खेळणाऱ्यांचा आवडता विनोद! या वेळी मांडणी बदलली. इतिहासाची तीन युगे पाडली. मूळ संचात भारताच्या वाट्याला प्रथम मौर्य, नंतर चोल आले. येथवर तक्रारीस जागा नाही. चोलांना असे स्थान मिळाल्याचा आनंदच आहे. पण तिसऱ्या, आधुनिक युगात भारत म्हणून कोण उभे आहे? मुघल!

वाफेची यंत्रे व कारखाने ज्या युगात उभे राहतात, त्या युगाचा भारत मुघलांचा? १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या होत्या. १७७१ मध्ये त्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढच्या वर्षी महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली शाह आलम राजधानीत परतला. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकने दिल्ली जिंकली, ती शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला आपल्याच अकोला जिल्ह्यात, अडगावच्या रणांगणावर, वेलस्लीसमोर उभी होती ती नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची सेना. प्रारंभी मराठी तोफांच्या माऱ्याने वेलस्लीच्या काही पलटणी मागे पळाल्या. त्याला स्वतः पुढे होऊन त्या सावराव्या लागल्या. लढाई आपण हरलो. १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. इंग्रजांनी हिंदुस्थान कोणाकडून घेतला, हे वऱ्हाडच्या मातीला ठाऊक आहे. पातूरचा विद्यार्थी सकाळी निघून अडगाव पाहून संध्याकाळी घरी येऊ शकतो. मात्र संगणकासमोर बसला की त्याला शिकविले जाते, की इंग्रजांपूर्वीचे हिंदुस्थानचे धनी मुघलच.

खेळ रचणारे अशा वेळी ‘समतोल’ हा शब्द पुढे करतात. एका संस्कृतीला सोने अधिक द्यावयाचे, तर तिचे अन्य उत्पन्न घटवावयाचे, म्हणजे कोणीच अजिंक्य राहत नाही. या गणिताला आमचा आक्षेप नाही. मराठ्यांना चौथाई आणि वेगवान घोडदळ द्या, तसेच सरदारांतील दुहीही द्या. पानिपत वगळा असे कोणी म्हणत नाही. परंतु तराजूत कोणाला बसवावयाचे, हे तराजू हाती धरण्यापूर्वीच ठरलेले असते. ती निवड इतिहासदृष्टीची असते आणि ही दृष्टी आपल्या क्रमिक पुस्तकांतूनही आपण वर्षानुवर्षे सोसली आहे.

माहिती नव्हती, ही सबब चालणार नाही. रियासतकार सरदेसाई यांचा मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास इंग्रजीतच आहे. २००९ मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळाच्या मुख्य मोहिमेत मराठ्यांचे राज्य खेळणाऱ्यास निवडता येत होते, मुघलांचे नव्हते. तो खेळ रचणारी कंपनी होती इंग्लंडमधली. वेलस्लीच्या देशबांधवांना जे उमगले, ते अमेरिकेत उमगू नये?

आपल्याकडे अशा वेळी बहिष्काराची पत्रके निघतात. ती कोणताही मुलगा वाचत नाही. पुण्या-नागपुरातले आपले संगणक अभियंते परदेशी कंपन्यांसाठी रात्री जागवितात. त्यांतल्या चार-सहा जणांनी अडगावची लढाई पडद्यावर उभी करावी. त्यात भोसल्यांचा तोफखाना किती बलवान ठेवावयाचा, यावर मग खुशाल भांडू.