सर्वांना एकच इंजिन : समता की मक्तेदारी?

मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत ‘मोटो टू’ नावाचा एक मधला गट आहे. या गटात उतरणारा स्वार कोणत्याही देशाचा असो, त्याचा संघ गडगंज असो की बेताचा, त्याच्या गाडीतील इंजिन एकाच कारखान्याचे असते. २०१९ च्या हंगामापासून हा मान इंग्लंडमधील ट्रायम्फ कंपनीकडे आहे. तीन सिलिंडरांचे, ७६५ सीसी क्षमतेचे आणि १४० हून अधिक अश्वशक्तीचे हे इंजिन कोणत्याही संघाने पारखून विकत घेतलेले नसते. ते मोहोरबंद अवस्थेत वाटले जाते, कोणाच्या वाट्याला कोणते येईल हे दैवावर सोडलेले असते आणि ते उघडण्याची संघाला मुभा नसते. दुरुस्ती व देखभालीचे काम स्पेनमधील अरागॉन येथील एका स्वतंत्र संस्थेकडे सोपविलेले आहे.

स्पर्धेवाचून प्रगती नाही असे अहोरात्र सांगणाऱ्या पाश्चात्त्य जगाने प्रत्यक्ष शर्यतीच्या मैदानावरच एका पुरवठादाराची मक्तेदारी आपण होऊन स्वीकारावी, हा वरवर पाहता विरोधाभास आहे. परंतु तो केवळ मोटारसायकलींच्या शौकिनांनी चघळावा असा विषय नाही. ‘सर्वांना समान साधन’ हे तत्त्व जेथे जेथे पुढे केले जाते, तेथे त्या समतेची किंमत कोण देतो आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न उभा राहतोच. मोटो टूच्या दीड दशकाच्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

ही व्यवस्था का आली हे समजण्यासाठी २०१० पूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. त्या काळी या जागी टू-स्ट्रोक इंजिनांचा २५० सीसीचा गट होता. नावाला ती खुली स्पर्धा होती. प्रत्यक्षात एकेक कारखाना तिच्यातून अंग काढून घेत होता. यामाहा आधीच बाहेर पडली होती, ऑस्ट्रियाची केटीएम २००८ च्या अखेरीस गेली आणि होंडाचा सहभाग आक्रसत गेला. उरली ती मुख्यतः इटलीची अप्रिलिया. आणि तिच्या शेजारी धावणारी गिलेरा हीदेखील त्याच पियाजिओ समूहातील. उत्तम दर्जाची गाडी हंगामापुरती भाड्याने घ्यावी लागे, आणि ते भाडे सामान्य संघाच्या आवाक्याबाहेरचे होते. २००९ चे, म्हणजे या गटाचे अखेरचे, अजिंक्यपद जपानच्या हिरोशी आओयामाने होंडावर मिळविले हे खरे. परंतु अशा एका विजयाने बाजाराचे स्वरूप बदलत नाही. खुल्या बाजारात मक्तेदारी नसतेच असे नाही. पुष्कळदा ती जाहीर केलेली नसते, एवढेच.

तेव्हा २०१० मध्ये नियामकांनी जे केले ते निकोप स्पर्धा मोडून मक्तेदारी आणणे नव्हते. अनिर्बंध मक्तेदारी काढून त्यांनी करारबद्ध मक्तेदारी आणली. होंडाचे ६०० सीसीचे चार सिलिंडरी इंजिन सर्वांना देण्यात आले. त्याचा परिणाम तात्काळ दिसला. पहिल्याच हंगामात चाळीसच्या आसपास स्वार रांगेत उभे राहिले आणि गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, बनविणारे डझनभर लहानमोठे कारागीर पुढे आले. इंजिन बनविण्याचे सामर्थ्य ज्यांच्याकडे कधीच नव्हते, अशांना जागतिक शर्यतीचे दार उघडले. एकच प्रश्नपत्रिका सर्वांना दिल्यावर खेड्यातील शाळेचा विद्यार्थीही शहरातील विद्यार्थ्याच्या बरोबरीने बसावा, तसाच हा प्रकार होता. मार्क मार्केझसारखा २०१२ चा विजेता येथूनच वरच्या गटात गेला, आणि तो वर गेला तेव्हा ‘इंजिन चांगले होते म्हणून जिंकला’ असे म्हणण्याची सोय कोणालाही उरली नव्हती.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. प्रश्नपत्रिका एक झाली तरी शिकवणी एक होत नाही. इंजिनावरील खर्चाला वाव उरला नाही, तेव्हा पैसा आणि बुद्धी सांगाड्याकडे वळली. जर्मनीतील बोबिंगन या लहानशा गावी क्लाउस हिर्सेकॉर्न आणि अलेक्स बाउमगार्टेल या दोघांनी आपल्या नावांतील अक्षरे जुळवून काढलेल्या ‘कालेक्स’ या कंपनीने या क्षेत्रात असा जम बसविला, की २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग अकरा वर्षे मोटो टूचा अजिंक्यवीर कालेक्सच्याच सांगाड्यावर बसलेला होता. ही साखळी २०२४ मध्ये जपानच्या आई ओगुरा याने इटलीच्या बोस्कोस्कुरो सांगाड्यावर तोडली. पण पुढच्याच वर्षी दियोगो मोरेरा याच्या रूपाने अजिंक्यपद पुन्हा कालेक्सकडे परतले. सुरुवातीच्या डझनभर कारागिरांपैकी बहुतेक केव्हाच दिसेनासे झाले. आपल्याजवळ इतरांसारखा सांगाडा नाही म्हणून आपण हरलो, असे पुरस्कर्त्यांना सांगण्याची पाळी येऊ नये, या भीतीने बहुतेक संघ एकाच दुकानी गेले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले त्याचे सार हेच, की उत्पादनातील वरकड लाभ जो घटक दुर्मीळ असेल त्याच्याकडे जातो. एका घटकाची दुर्मिळता नियमाने नाहीशी केली, तर तो लाभ नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या दुर्मीळ घटकाकडे सरकतो. एका ठिकाणी बांध घातला की पाणी दुसरीकडे वाट काढते. म्हणून ‘एकाच इंजिनाने समता आली’ हे विधान अर्धसत्य आहे. समता इंजिनापुरती आली. विषमतेने फक्त घर बदलले.

आता पुरवठादाराच्या बाजूने पाहू. ट्रायम्फला या करारातून काय मिळते? ही कंपनी जुनी आहे, पण तिचा इतिहास सरळ नाही. मेरिडन येथील तिचा जुना कारखाना कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालविण्याचा गाजलेला प्रयोग १९८३ मध्ये कोसळला. त्यानंतर जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतले आणि हिंकले येथे नवा कारखाना उभारून १९९० नंतर ती पुन्हा उभी केली. अशा कंपनीला जागतिक शर्यतीत स्वतःचा संघ उतरवून होंडा-यामाहाशी झुंज घ्यावयाची म्हटले असते, तर पैसा गेला असता आणि पराभवाची नामुष्कीही पदरी आली असती. एकमेव पुरवठादार झाल्याने पराभवाचा प्रश्नच मिटला. कोणीही जिंकला तरी जिंकते ट्रायम्फच.

या कीर्तीचे पैशात रूपांतर कसे होते हे नव्या मध्यम क्षमतेच्या गाड्यांवरून दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोन येथे कंपनीने ‘डेटोना मोटो टू ७६५’ ही गाडी सादर केली. युरोप-आशियासाठी ७६५ आणि अमेरिका-कॅनडासाठी ७६५ एवढ्याच गाड्या काढावयाच्या, असे ठरवून पुरवठ्याची टंचाईही मुद्दाम निर्माण करण्यात आली. त्या गाडीचे इंजिन १३० अश्वशक्तीचे आणि शर्यतीतील इंजिनाचे खरोखरच जवळचे नातलग होते. पुढे २०२४ मध्ये ‘डेटोना ६६०’ आली. ती अधिक स्वस्त, रोजच्या वापरास अधिक सोयीची आणि कदाचित सामान्य ग्राहकास अधिक उपयुक्त. परंतु तिचे ९५ अश्वशक्तीचे इंजिन कंपनीच्या ‘ट्रायडंट’ या रस्त्यावरील गाडीच्या कुळातले आहे, शर्यतीतील इंजिनाच्या नव्हे. यात बेकायदेशीर काही नाही, आणि गाडी वाईट आहे असेही नाही. पण शर्यतीत कमावलेले तेज नावाच्या वाटेने, जिला शर्यतीशी थेट संबंध नाही अशा मालापर्यंत झिरपते, हे ग्राहकाने ओळखून असावे. नाव आणि यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एकट्या पुरवठादाराला वेसण कशी घालावयाची, यावर अर्थशास्त्राने पूर्वीच विचार केला आहे. इंग्लंडमधील समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी १८५९ मध्ये असा विचार मांडला, की जेथे मैदानात स्पर्धा शक्य नाही, तेथे मैदान मिळविण्यासाठी स्पर्धा व्हावी. ठराविक मुदतीचा मक्ता द्यावा, मुदत संपताच पुन्हा सर्वांना बोलवावे. मोटो टूची व्यवस्था कागदावर याच तत्त्वाला धरून आहे. होंडाने २०१० ते २०१८ असे नऊ हंगाम पुरवठा केला आणि मग ट्रायम्फ आली. म्हणजे बदल घडू शकतो हे सिद्ध झाले. नव्या इंजिनाने गाड्यांनी प्रथमच ताशी ३०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, म्हणजे बदलाचा लाभही झाला. परंतु ट्रायम्फचा तीन वर्षांचा पहिला करार वाढत वाढत आता २०२९ पर्यंत पोहोचला आहे. तोवर तिचे अकरा हंगाम होतील. सांगाडे तिच्या इंजिनाच्या मापाने घडलेले, देखभालीची हत्यारे तिच्या इंजिनाची, तंत्रज्ञांचा हात तिच्या इंजिनावर बसलेला. अशा स्थितीत नव्या अर्जदाराला समान संधी आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पहिला मक्ता स्पर्धेने मिळतो, पुढचे मक्ते सवयीने मिळत जातात. शिवाय मक्ता देणारा स्वतःही एकटाच आहे. या शर्यतींच्या व्यापारी हक्कांची मालक असलेली कंपनी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने बहुतांशी आपल्या ताब्यात घेतली. फॉर्म्युला वनचे हक्कही तिच्याकडेच आहेत.

एकमेव पुरवठादार म्हणजे काय, हे भारतातील आणि विशेषतः महाराष्ट्रातील मागल्या पिढीला निराळे सांगावयास नको. परवाना पद्धतीच्या काळात कारखान्याने किती माल काढावा हे दिल्लीत ठरे आणि पुण्यात बनणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून शिक्षक-कारकुनांनी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेथे मक्ता होता, पण मुदत नव्हती; ग्राहक होता, पण त्याला पर्याय नव्हता. आज त्याच पुण्याजवळ चाकण येथे बजाज कंपनी ट्रायम्फच्या नावाची ‘स्पीड ४००’ ही गाडी तयार करते. २०२३ च्या जुलैमध्ये ती दोन लाख तेहतीस हजार रुपयांना बाजारात आली तेव्हा तिला अनेक प्रतिस्पर्धी होते आणि ग्राहकाला निवड होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील प्रेक्षकांनी मोटो टूची शर्यत पाहिली आणि स्पेनचा पेद्रो आकोस्ता ती जिंकला. रस्त्यावर त्या नावाला स्पर्धेतून जागा मिळवावी लागते, मैदानावर ती करारातून मिळते. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

याचा अर्थ एकच इंजिन ही कल्पना टाकाऊ आहे असा नाही. २५० सीसीच्या अखेरच्या दिवसांकडे परत जावे असे कोणी विचारपूर्वक म्हणणार नाही. बेताच्या घरचा एखादा गुणी मुलगा केवळ इंजिन भाड्याने घेता आले नाही म्हणून मागे पडू नये, हे उद्दिष्ट मोलाचे आहे, आणि ते काही अंशी साधले आहे. परंतु समतेच्या नावाने दिलेल्या मक्त्यावर तीन पथ्ये बंधनकारक असावीत. त्याच्या अटी जाहीर असाव्यात; मुदत संपताच मुदतवाढीऐवजी खरी फेरनिवड व्हावी; आणि इंजिनाविषयीची तांत्रिक माहिती प्रस्थापित सांगाडेवाल्यांइतकीच नवख्या कारागिरालाही, त्याच दिवशी आणि त्याच किमतीत मिळावी. ही पथ्ये पाळली गेली नाहीत, तर ‘सर्वांना एकच इंजिन’ या घोषणेतील ‘सर्वांना’ हा शब्द हळूहळू गळून पडेल आणि ‘एकच’ तेवढे शिल्लक राहील.