शिवराईचें छायाचित्र

दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशीं ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं जेथें लढाई झाली, त्या खडकींत आमचें घर आहे. आमच्या देव्हाऱ्यांत तांब्याच्या दोन शिवराया आहेत. त्या लढाईशीं त्यांचें नातें जोडण्याचा मोह आम्हांस नाहीं. शिवराई इंग्रजी अमलांतही पुष्कळ वर्षें बाजारांत चालत होती. यंदा आम्हां तिघां बंधूंचीं बिऱ्हाडें वेगळीं व्हावयाचें ठरलें. देव थोरल्यांकडे राहणार. तेव्हां नाण्यांचें स्वच्छ छायाचित्र तरी आपल्या घरीं असावें, अशी धाकट्याची इच्छा. काम आमच्याकडे आलें. निवृत्त मास्तरास वेळच वेळ, असा घरांत सर्वांचा समज आहे!

नातवाचा डिजिटल कॅमेरा घेतला, दुरूनच झूम ताणला आणि फ्लॅश उडविला. उमटला तो केवळ पांढरा डाग. नातू म्हणाला, "आजोबा, झूम मागें घ्या आणि स्वतः जवळ जा." त्याचें म्हणणें खरें होतें. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत झूम वाढविला कीं जवळची वस्तु अंधुक होते. उलट फुलाच्या खुणेची योजना लावली, तर कांहीं सेंटिमीटरांवरूनही रेषा स्पष्ट येते. मात्र इतक्या जवळून स्पष्टतेचा थर फार पातळ होतो. कॅमेरा किंचित् कलला, तरी अर्धें नाणें पुसट होतें. म्हणून आम्हीं कोशांच्या दोन चळती केल्या, त्यांवर कॅमेरा पालथा ठेविला, आणि हाताचा कंप लागूं नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लाविला. कोशांचा असा उपयोग आमच्या गुरुजींस रुचला नसता.

परंतु सारी मौज उजेडांत आहे. सकाळचें ऊन खिडकींतून तिरपें, जवळजवळ नाण्यास घासून येऊं द्यावें आणि समोरच्या बाजूस पांढरा कागद उभा करावा. मग झिजलेल्या अक्षरासही सावली पडते व तें वाचतां येतें. चित्रांत उजेड वरच्या अंगानें यावा. खालून आला तर उठावाचीं अक्षरें डोळ्यांस खोदल्यासारखीं भासतात. पहिली शिवराई आम्हीं हळूहळू फिरविली, तों 'श्री', 'राजा' आणि काठाशीं अर्धा तुटलेला 'शिव' वर आला. तो झिजेनें तुटला नव्हे. ठसा मोठा व नाणें लहान असे, म्हणून पुष्कळ शिवरायांवर काठचीं अक्षरें मुळांतच अपुरीं असतात.

दुसरीस तासभर फिरविलें. एका बाजूस 'पति' ओझरतें दिसलें; वरचें 'छत्र' नाहींच. दुसरी बाजू गुळगुळीत.

जवळ मिलिमीटरची पट्टी ठेवून दोन्ही नाणीं टिपलीं व चित्रें घरांत दाखविलीं. वहिनी दुसऱ्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या दसऱ्याला चिंच आणि राख लावून तुम्हींच ही लखलखीत केली होतीत ना?"

आम्हीं मान हालविली. धाकट्याकडे दोन्ही चित्रें गेलीं आहेत.