पियानो ऐकू येईना म्हणून...

जॉन कोल्ट्रेनच्या क्वार्टेटमधली जागा कोण सोडतं, बॉस? मॅकॉय टायनरने सोडली, १९६५च्या डिसेंबरात. बँडमध्ये दुसरा ड्रमर आला आणि त्या गदारोळात पठ्ठ्याला स्वतःचा पियानोच ऐकू येईना! पुढची काही वर्षं इतकी कडकीत गेली, की टॅक्सी चालवायचे विचार त्याच्या डोक्यात घोळायला लागले. मेलच्या ड्राफ्ट्समध्ये राजीनामा पडून असलेल्या (माझ्यासारख्या) मंडळींनी हे वाचून ठेवावं.

मग १९७२मध्ये आला 'सहारा'. कव्हरवर राडारोड्यात बसलेला टायनर, मांडीवर जपानी कोटो. 'व्हॅली ऑफ लाइफ'मध्ये तो हे तंतुवाद्य वाजवतोसुद्धा. खरं सांगू? छान आहे, पण पाहुण्याच्या घरी गेल्यासारखं जरा जपूनच.

खरी मजा टायटल ट्रॅकमध्ये. तब्बल २३ मिनिटं! आधी बासरी, तालवाद्यं, वाळवंटाचा माहोल. मग टायनरचा डावा हात खर्जातला एक सूर असा आदळतो, की तंबोऱ्यासारखा तो मागे घुमत राहतो आणि उजवा हात त्यावर सुसाट सुटतो. कॉर्ड बदलायची घाईच नाही. रागदारीची सवय असलेल्या कानांना हे अजिबात परकं वाटत नाही. ड्रम्सवर अल्फॉन्स मुझॉन, तोही तुफान. पण इथे पियानो दबत नाही.

मी पहिल्यांदा लोकलमध्ये लावला आणि ऐन रंगात दादर आलं. तुम्ही आपला रविवारीच ऐका, मोबाइल बंद करून.